प्रादेशिक रेल्वे: मार्गाची मंजुरी आणि चालवणाऱ्याचा परवाना

भारतात ट्रक चालवायला परवाना लागतो, एसटी चालवायला लागतो, विमान कंपनी काढायची तर वेगळे प्रमाणपत्र लागते. रेल्वे चालवणाऱ्या संस्थेला मात्र त्या अर्थाचा परवाना नसतो. रेल्वे कायदा, १९८९ मध्ये ‘परवाना’ या कल्पनेची जागा ‘मार्ग खुला करण्याची मंजुरी’ या कल्पनेने घेतली आहे. कायदा रुळाला, पुलाला, स्थानकाला, फाटकाला आणि डब्याला मंजुरी देतो. त्यांवरून गाड्या चालवणारी संस्था ठरावीक काळाने पुन्हा तपासणीला उभी राहत नाही. या एका फरकातून भारतातल्या रेल्वेसुरक्षेची बरीचशी बलस्थाने आणि बरेचसे दोष उगवलेले आहेत. मोठ्या मुख्य मार्गांपेक्षा ते प्रादेशिक मार्गांवर अधिक उघडे पडतात.

प्रादेशिक रेल्वे म्हणजे एखाद्या प्रदेशाची दळणवळणाची गरज भागवणारा मार्ग, मग त्याची मालकी कोणाचीही असो. महाराष्ट्रात त्याची सगळी रूपे सापडतात. केंद्र आणि चार राज्ये यांच्या भागीदारीतले कोकण रेल्वे महामंडळ आहे, नेरळ-माथेरानची अरुंद रुळांची गाडी आहे, तुकड्यातुकड्याने खुला होत असलेला अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग आहे, मुंबईची उपनगरी सेवा आहे आणि राज्य सरकारांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या मेट्रो आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, भूगोल वेगळा, प्रवासी वेगळा. सुरक्षेच्या तपासणीपुरते मात्र सगळे एकाच दारात येतात. त्या दाराचे नाव रेल्वे सुरक्षा आयोग. सरकारी कागदांत ‘संरक्षा’ हा शब्द असतो, कारण रेल्वेच्या भाषेत ‘सुरक्षा’ म्हणजे आरपीएफचे काम, चोरी-दरोड्यापासूनचे रक्षण. मराठी वृत्तपत्रे दोन्हींना सुरक्षाच म्हणतात, आणि रेल्वेतली माणसे सरळ ‘सीआरएस’ म्हणतात. ‘सीआरएस झाली का?’ हा नव्या मार्गाच्या गावांत अनेक वर्षे विचारला जाणारा प्रश्न असतो.

हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली आहे. ऐकायला विचित्र वाटणाऱ्या या व्यवस्थेमागे एक धडा आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यानुसार नेमलेले निरीक्षक १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड स्थापन झाल्यावर त्या बोर्डाच्याच अधीन गेले. जो गाड्या चालवणार त्याच्याच नोकराने त्याची तपासणी करायची, अशी ती रचना होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने हे अधिकार स्वतंत्र यंत्रणेकडे असावेत असे तत्त्व मांडले. जुलै १९३७ मध्ये बिहारमधील बिहटाजवळ मोठा अपघात झाला. त्या गाडीला होते तशा पॅसिफिक जातीच्या इंजिनांची चौकशी करण्यासाठी ब्रिटनच्या मुख्य रेल्वे निरीक्षकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि निरीक्षक बोर्डाच्या बाहेर हवेत असे तिनेही सांगितले. मे १९४१ मध्ये हे खाते बोर्डापासून वेगळे झाले. १९६१ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले आणि १९६७ पासून ते विमान वाहतुकीच्या मंत्रालयाला जोडले गेले. मुख्य आयुक्तांचे कार्यालय लखनौला आहे. देशाची विभागणी परिमंडळांत आहे, आणि मध्य व पश्चिम परिमंडळांचे आयुक्त मुंबईत बसतात.

मंजुरीची रीत सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण या व्यवस्थेचा सर्वांत भक्कम भाग तोच आहे. कायद्याचे कलम २१ सांगते की केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय कोणताही रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी खुला करता येणार नाही. कलम २२ सांगते की त्याआधी आयुक्तांनी मार्गाची तपासणी करून अहवाल दिला पाहिजे. प्रत्यक्षात मंजुरीचे अधिकार आयुक्तांकडे सोपवलेले असतात. रेल्वे प्रशासन आधी कागद पाठवते. त्यांत मार्गाचा नकाशा आणि उंचसखलतेचा छेद असतो, वळणांची व चढांची कोष्टके असतात, प्रत्येक पुलाचा तपशील आणि त्याच्या भारक्षमतेचे प्रमाणपत्र असते. फाटके, स्थानके, सिग्नल आणि खडीची जाडी यांचीही नोंद असते. रुळाच्या आजूबाजूला किती मोकळी जागा हवी याचे एक ठरलेले मापपत्रक आहे. फलाटाची कड, बोगद्याची भिंत किंवा तारेचा खांब त्या मापात घुसत असेल, तर तसे लेखी सांगून सूट मागावी लागते.

मग आयुक्त येतात. मोटर ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पुलांखाली उतरतात, सांधे आणि पॉइंट तपासतात, सिग्नलची आंतरबंधने चालवून बघतात, फाटकावरच्या माणसाला नियम विचारतात. शेवटी इंजिन आणि डबे जोडून वेगाची चाचणी होते. चाचणीत गाठलेला वेग आणि मंजूर झालेला वेग एकच असेल असे नाही. माती अजून बसायची आहे, एखाद्या पुलाच्या टोकाचा भराव ताजा आहे, असे दिसले तर आयुक्त त्या तुकड्यावर कमी वेगाची अट घालतात. काही कामे ठरावीक मुदतीत पुरी करण्याचीही अट असते. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावरचा आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि गाडी बीडला पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तपासणी लागली. लोकांना हा उशीर वाटतो. पण निधी आणि जमीन यांत गेलेल्या दशकांपुढे तपासणीत जाणारे दिवस अगदी थोडे आहेत, आणि ते वाचवण्यासारखे नाहीत.

कलम २३ मुळे हीच रीत दुसरा रूळ, वळणमार्ग, नवे स्थानक, नवे जंक्शन आणि मार्गाच्या रचनेत फरक करणारी कामे यांनाही लागू होते. म्हणजे बांधकाम बदलले की कायदा जागा होतो. बांधकाम तेच राहिले आणि बाकी सगळे बदलले, तर तो तितका जागा राहत नाही. आयुक्तांना चालू मार्गाची तपासणी करता येते. पण मार्ग धोकादायक आहे असे त्यांना वाटले तरी तो स्वतः बंद करण्याचा अधिकार त्यांना नाही. कलम २५ नुसार ते केंद्र सरकारला अहवाल देतात, आणि बंद करायचा की अटींवर चालू ठेवायचा हे सरकार ठरवते. उघडण्याच्या दिवशी आयुक्तांचा शब्द निर्णायक असतो. दुसऱ्या दिवसापासून तो शिफारशीचा होतो.

कोकण रेल्वेने याचा अर्थ फार मोठी किंमत देऊन शिकवला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळात सुरुवातीला केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग ९१ बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल ओलांडत २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. मार्ग रीतसर तपासलेला होता. पण जांभ्या दगडाचे आणि मातीचे उभे काप प्रत्येक पावसाळ्यात थोडे थोडे सुटत जातात, आणि उद्घाटनाच्या वेळची तपासणी पाच वर्षांनंतरच्या दरडीला पाहू शकत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीकालीन विशेष गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. एक वर्षही पुरे व्हायच्या आत, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर पडलेल्या दगडांवर आदळून पुलावरून कोसळली.

त्यानंतर कोकण रेल्वेवर जे नियम बसले ते देशातल्या कोणत्याही प्रादेशिक मार्गाने अभ्यासावेत असे आहेत. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आले. ते अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चाले. २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे झाले. काप मागे सरकवले गेले, जाळ्या बसल्या, धोक्याच्या जागी रात्रंदिवस पहारेकरी आले. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची सूचना लोको पायलटला असते. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे आहेत. रत्नागिरीजवळचा पानवळचा उंच पूल, गोव्यातले मांडवी व जुवारीचे पूल आणि कर्नाटकातला शरावतीचा पूल यांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. यातला बराचसा भाग मार्गाच्या मंजुरीतून आलेला नाही. तो अपघातांच्या चौकशीतून, अभियंत्यांच्या अनुभवातून आणि गँगमनच्या पावलांतून आला. परवान्याची व्यवस्था असती तर ‘पावसाळ्याचा आराखडा दाखवा, मग पुढच्या वर्षांची परवानगी’ अशी मागणी कायद्यानेच केली असती. दोन जून महिन्यांची वाट पाहावी लागली नसती.

दरड कोसळून मार्ग बंद पडल्यावर तो पुन्हा कोण उघडतो, हाही प्रश्न येथेच येतो. कलम २४ नुसार अपघाताने खंडित झालेली वाहतूक, मूळ रूळ दुरुस्त झाल्यावर किंवा तात्पुरता वळणमार्ग टाकल्यावर, आयुक्तांच्या आधीच्या तपासणीशिवाय सुरू करता येते. कामाची जबाबदारी असलेल्या रेल्वे अधिकाऱ्याने मार्ग सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यायचे आणि आयुक्तांना ताबडतोब कळवायचे. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या रद्द झाल्या होत्या. अशा वेळी अडकलेले प्रवासी, रिकाम्या बाजारपेठा आणि वरिष्ठांचे फोन यांच्या दडपणाखाली ती सही होत असते. ही सही करणारा अभियंता या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत एकटा माणूस असतो.

अरुंद रुळांचे मार्ग थोडक्यात पाहता येतील, पण त्यांत दोन टोके दिसतात. १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची गाडी मे २०१६ मध्ये एका आठवड्यात दोनदा घसरल्यावर बंद झाली. डब्यांना एअर ब्रेक बसवणे आणि धोक्याच्या वळणांवर कठडे घालणे ही कामे झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये ती नेरळपर्यंत पुन्हा धावू लागली. २०१९ च्या पावसाने रूळ वाहून नेले, आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा भाग बंदच असतो. येथे मार्ग, गाडी आणि दुरुस्ती सगळे मध्य रेल्वेचे, म्हणून थांबवण्याचा आणि सुधारण्याचा निर्णय एका हाती होता. दुसरे टोक शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा १८९ किलोमीटरचा मार्ग एका ब्रिटिश काळातल्या कंपनीच्या मालकीचा राहिला आणि गाडी चालवत राहिली सरकारी रेल्वे. रूळ एकाचा, गाडी दुसऱ्याची. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर पिढ्यान्‌पिढ्या घोळ राहिला. वेग उतरत गेला, फेऱ्या घटल्या आणि गेल्या दशकात गाडी थांबली. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गरिबांची ती गाडी एकाही मोठ्या अपघाताशिवाय, केवळ जबाबदारीच्या संदिग्धतेमुळे संपली. संस्थेच्या पात्रतेची तपासणी नसली की काय होते याचा तो संथ नमुना आहे.

संस्थेला परवाना नसला तरी माणसाला असतो, आणि तो कडक असतो. लोको पायलटची नेत्रपरीक्षा सर्वांत वरच्या श्रेणीची असते. चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी आणि रंगांची अचूक ओळख लागते. ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. सहायक लोको पायलट म्हणून भरती होताना संगणकावर मानसिक क्षमतेची चाचणी द्यावी लागते. नव्या मार्गावर गाडी नेण्याआधी तो मार्ग शिकावा लागतो. त्यासाठी ठरलेल्या फेऱ्या माराव्या लागतात, आणि त्यांत रात्रीची फेरीही असते, कारण रात्री तोच सिग्नल वेगळ्या जागी असल्यासारखा भासतो. भोर घाटात ३७ ला १ असा चढ आहे. तिथून गाडी उतरवणाऱ्याला ब्रेकचे वेगळे शिक्षण लागते आणि चढताना मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, फाटकवाला या सगळ्यांना आपापल्या कामाचे सक्षमतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

प्रमाणपत्र असणे आणि त्या परिस्थितीचे शिक्षण मिळालेले असणे यांत अंतर राहू शकते. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली आणि दहा माणसे गेली. स्वयंचलित सिग्नल बिघडले होते आणि ते ओलांडण्याचे लेखी अधिकारपत्र चालकांना दिले गेले होते. पण त्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली नव्हती, आणि त्या दिवशी वेगवेगळ्या गाड्यांनी वेगवेगळा अर्थ लावला. आयुक्तांच्या चौकशीने दोष एका चालकावर न ढकलता शिक्षणाच्या आणि नियमांच्या अपुरेपणावर बोट ठेवले. चौकशी कशी असावी याचा तो चांगला दाखला आहे.

मेट्रोची गोष्ट वेगळ्या कायद्याने चालते. २००२ मध्ये दिल्लीसाठी झालेला मेट्रो रेल्वे संचालन व देखभाल कायदा २००९ मध्ये इतर महानगरांसाठी खुला झाला. जून २०१४ मध्ये सुरू झालेली मुंबईतली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, त्यानंतर नागपूर आणि पुणे यांनाही मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागली. गाडीच्या डोलण्याची चाचणी रेल्वेची लखनौमधली संशोधन संस्था घेते. सिग्नल प्रणालीसाठी स्वतंत्र तज्ज्ञ संस्थेचा अहवाल लागतो, म्हणजे संगणकाच्या आतली आज्ञावलीही कोणीतरी परकी नजर वाचते. हा भाग जुन्या रेल्वेपेक्षा पुढे आहे.

अपघात झाल्यावर कलम ११४ लागू होते. प्रवासी गाडीच्या अपघातात कोणी मृत्यू पावले किंवा कायमचे जायबंदी झाले, तर आयुक्त चौकशी करतात. जाहीर सूचना देऊन कोणाचीही साक्ष घेतात. त्यांच्यापुढे दिलेली साक्ष, ती खोटी नसेल तर, साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. या संरक्षणाचा हेतू स्पष्ट आहे: माणसाने घाबरून खरे लपवू नये. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसे दगावली. आयुक्तांच्या चौकशीत फाटकाच्या दुरुस्तीच्या वेळी सिग्नलच्या तारांची चुकीची जोडणी आणि त्याआधीच्या वर्षांतली तशीच राहिलेली चूक समोर आली. त्याच वेळी सीबीआयनेही तपास केला आणि सिग्नल खात्यातल्या तिघांना अटक केली. सत्य शोधणारी आणि आरोपी शोधणारी अशा दोन चौकशा एकाच वेळी चालल्या की पहिलीतली साक्ष आक्रसते. हा धोका फार थोड्यांनी बोलून दाखवला.

या कलमाची सर्वांत मोठी उणीव मुंबईत दिसते. उपनगरी मार्गावर रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून मरणाऱ्यांचा आकडा अलीकडच्या वर्षांत दोन हजारांच्या वर राहिला आहे. यांतली बहुतेक माणसे कायद्याच्या दृष्टीने ‘रेल्वे अपघातात’ मेलेली नसतात. गाडीतून पडणाऱ्या प्रवाशांसाठी भरपाईचे वेगळे कलम आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली आणि त्याची चौकशी रेल्वेने स्वतःच केली. गाडी रुळावरून घसरली तर स्वतंत्र आयुक्त येतात. गर्दी पुलावरून घसरली तर येत नाहीत. आयुक्तांना ‘इतर कोणत्याही’ अपघाताची चौकशी करण्याची मुभा कलमात आहे, पण गर्दीचे मरण त्या मुभेत क्वचितच बसवले जाते. जिथे मरणाचे प्रमाण सर्वांत जास्त, तिथेच सुरक्षेच्या स्वतंत्र यंत्रणेचा हात सर्वांत आखूड, ही या व्यवस्थेची न पटणारी बाजू आहे.

आणखी एक अडचण रचनेतच आहे. मार्गाला मंजुरी देणारे आणि त्याच मार्गावरच्या अपघाताची चौकशी करणारे आयुक्त एकच असतात, आणि तेही रेल्वेच्याच सेवांमधून आलेले. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने ही दोन कामे वेगळी केली: परवानगी देणारी राष्ट्रीय संस्था एक, अपघाताचा शोध घेणारी दुसरी. तिथे गाड्या चालवणाऱ्या कंपनीला सुरक्षा प्रमाणपत्र लागते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. जपानमध्ये २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे प्रादेशिक गाडी वेगात वळणावरून सुटून १०७ माणसे गेली. वेळापत्रकाच्या दडपणाचा त्यात मोठा भाग होता, म्हणून २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक रेल्वे कंपनीवर सुरक्षा व्यवस्थापनाचे नियम आणि त्यांना जबाबदार असणारा वरिष्ठ अधिकारी नेमण्याचे बंधन आले.

भारतात हाच विचार डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये मांडला. नियम करणे, गाड्या चालवणे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणे ही तिन्ही कामे रेल्वे बोर्डाच्याच हाती आहेत, असे निदान करून समितीने स्वतंत्र, वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचवले आणि पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या खर्चाचा आराखडा दिला. पैशाची बाजू २०१७-१८ पासून राष्ट्रीय रेल संरक्षा कोषाच्या रूपाने काही अंशी उतरली, आणि ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली. ते काम निर्विवाद चांगले झाले. प्राधिकरण मात्र झालेले नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती कळवली. विलीनीकरणाने दुसरा रूळ टाकायला निधी मिळेल अशी अपेक्षा आहे, आणि दुसरा रूळ आला की कलम २३ नुसार प्रत्येक नव्या तुकड्याची, पुलाची आणि बोगद्याची पुन्हा तपासणी होईल. पावसाळी वेळापत्रक, ताशी ४० ची सूचना आणि रात्रीचे पहारे ही कोकण रेल्वेची स्वतःची शिस्त आहे. नव्या मालकाच्या हाती ती जशीच्या तशी राहील, असे बंधन मार्गाच्या कोणत्याही मंजुरीत लिहिलेले नाही.